मागे राहिलेल्यांची पृथ्वी

विज्ञानकथांमध्ये पृथ्वी अनेक तऱ्हांनी संपते. अणुयुद्ध होतं, उल्का आदळते, साथ पसरते, सूर्य भडकतो. या सगळ्यांहून वेगळं असं एक कथाबीज आहे. त्यात माणूस पृथ्वी सोडून निघून जातो. हजारो ग्रहांवर त्याच्या वसाहती होतात, साम्राज्यं उभी राहतात आणि कोसळतात, आणि आपण मुळात कुठून आलो हा प्रश्न एखाद्या हट्टी संशोधकापुरता उरतो. मूळ ग्रह कुठल्याशा कोपऱ्यात फिरत असतो. ओसाड, विषारी, किंवा नुसताच विसरलेला. आयझॅक आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेत हे बीज आहे, आर्थर सी. क्लार्कच्या कादंबऱ्यांत आहे, ‘वॉल-ई’सारख्या लहान मुलांनीही आवडीने पाहिलेल्या चित्रपटात आहे. गेल्या काही वर्षांत मंगळावर वस्ती करण्याच्या घोषणा होऊ लागल्यापासून ते कथेतून बाहेर पडून वर्तमानपत्रांतही आलं आहे.

मराठी वाचकाला या कथाबीजाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना. ती मी दिल्लीत राहून लिहिते आहे आणि दिल्लीच्याच आधाराने लिहिणार आहे. सोडून दिलेलं मूळ घर ही गोष्ट या शहराने प्रत्यक्ष भोगली आहे, आणि त्या घटनेचं दुसरं टोक महाराष्ट्रात आहे. परग्रहांकडे जाण्याआधी हा जमिनीवरचा दाखला समजून घेतला, तर पुढच्या कथा वेगळ्या नजरेने वाचता येतील असं मला वाटतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : सोडलेल्या घराची गोष्ट बहुतेक वेळा सोडून गेलेलेच सांगतात. म्हणून त्या गोष्टीत घर रिकामं दिसतं. प्रत्यक्षात ते क्वचितच रिकामं असतं. तिथे कोणीतरी मागे राहिलेलं असतं, ते विहीर खणत असतं, शेत कसत असतं, कचरा उपसत असतं. विज्ञानकथेतली उजाड पृथ्वी वाचताना आपण पहिल्यांदा या माणसांचा शोध घेतला पाहिजे.

दिल्लीला सात शहरांची नगरी म्हणतात. लालकोट आणि किला राय पिथौरा, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, दीनपनाह-शेरगढ, शाहजहानाबाद. त्यांच्यानंतर इंग्रजांची नवी दिल्ली. तिची घोषणा १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात झाली आणि उद्घाटन १९३१ मध्ये. प्रत्येक वेळी सत्ता जुन्या तटाबाहेर पडली आणि दोन-चार कोसांवर नवा तट बांधून बसली. जुन्या शहराचे दगड नव्याला लागले. सिरीचा दगड शेरशहाच्या शहरात गेला. पण ही सगळी स्थलांतरं हाकेच्या अंतरावरची. एक मात्र फार दूरचं होतं.

१३२७ च्या सुमारास सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला आपली राजधानी करायचं ठरवलं आणि तिचं नाव दौलताबाद झालं. दख्खन नुकतंच सल्तनतीत आलं होतं. तिथला कारभार दिल्लीतून हाकणं कठीण होतं. राज्याच्या मध्यावर बसून दोन्हीकडे लक्ष ठेवता येईल हा हिशेब मुळात वेडाचा नव्हता. त्याने दिल्लीतल्या उमरावांना, उलेमांना, सूफींना, दरबारी कारकुनांना कुटुंबकबिल्यासह दक्षिणेकडे निघायचा हुकूम दिला. अंतर सुमारे अकराशे किलोमीटर. इब्न बतूताने ही वाट चाळीस दिवसांची सांगितली आहे, आणि तिच्या दुतर्फा झाडं होती असंही.

या स्थलांतराविषयी आपल्याला जे माहीत आहे ते मुख्यतः तीन लेखकांमुळे. पहिला झियाउद्दीन बरनी. तो मुहम्मद तुघलकाच्या दरबारात सतरा वर्षं होता आणि त्याने इतिहास लिहिला तो म्हातारपणी, दरबारातून दूर फेकला गेल्यावर. शहर इतकं ओस पडलं की कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही, अशा अर्थाचं वर्णन त्याचं. दुसरा इसामी. हुकूम निघाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वदीतले आजोबा पहिल्याच मुक्कामाला, तिलपतला, वारले. हे तिलपत आज फरिदाबाद जिल्ह्यात, म्हणजे राजधानी क्षेत्राच्या आतच आहे. इसामीने पुढे दख्खनमध्ये, बहमनी सुलतानाच्या आश्रयाने, १३५० मध्ये आपलं इतिहासकाव्य पुरं केलं. त्यात तुघलकावरचा त्याचा राग शेवटपर्यंत ओसरलेला नाही. तिसरा इब्न बतूता. तो दिल्लीत आला १३३४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर काही वर्षांनी. त्याने ऐकलेल्या गोष्टी नोंदवल्या. शोधाशोध केली तेव्हा शहरात एक पांगळा आणि एक आंधळा असे दोघेच सापडले. आंधळ्याला फरफटत नेलं आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोहोचला. आणि सुलतानाने रात्री राजवाड्याच्या गच्चीवरून पाहिलं, तर कुठे दिवा नाही, कुठे धूर नाही. तेव्हा कुठे त्याचं मन निवांत झालं.

गच्चीवरचा हा सुलतान विज्ञानकथेच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. यानाच्या खिडकीतून मागे वळून विझलेल्या पृथ्वीकडे पाहणारा जो कप्तान कथांमध्ये भेटतो, त्याचा हा चौदाव्या शतकातला पूर्वज. दोघांनाही उंचावरून दिसतं, आणि उंचावरून दिसलेलं ते खरं मानतात.

आता जमिनीवर येऊ. दिल्लीच्या परिसरात विक्रम संवत १३८४, म्हणजे इसवी सन १३२७-२८ चे दोन संस्कृत शिलालेख सापडले आहेत. एक नारायणा गावचा. आज पश्चिम दिल्लीत त्याच नावाची औद्योगिक वसाहत आहे. दुसरा सरबन गावचा, रायसीनाजवळचा, म्हणजे आज जिथे राष्ट्रपती भवन उभं आहे त्या भागातला. सरबनचा लेख हरियाणा नावाच्या देशाला पृथ्वीवरच्या स्वर्गाची उपमा देतो, त्यातल्या ढिल्लिका नगरीचा उल्लेख करतो आणि राज्य करणाऱ्या सुलतानाचं आदराने नाव घेतो. दोन्ही लेख व्यापाऱ्यांच्या घराण्यांचे आहेत, आणि दोन्ही लेख कोरले गेले ते विहीर बांधल्याची नोंद म्हणून.

ज्या वर्षी दिल्लीत दिवा उरला नाही असं इतिहास सांगतो, त्याच सुमारास दिल्लीच्या वेशीवर माणसं विहिरी बांधत होती. विहीर बांधणं हे जाण्याच्या तयारीत असलेल्याचं काम नव्हे. आपल्या नातवंडांनी इथलं पाणी प्यावं अशी ज्याची खात्री असते तो विहिरीवर पैसा घालतो. महदी हुसेन यांच्यासारख्या इतिहासकारांनी या लेखांच्या आधारे बरनी आणि इब्न बतूता यांच्या वर्णनांवर प्रश्न उभे केले. दरबार गेला, दरबारावर जगणारा वर्ग गेला, त्यांना अपार यातना झाल्या, हे खरं. पण शेतकरी, कारागीर, वाणी, भिस्ती असा सगळा जनसमुदाय उठून गेला असं मानायला आधार नाही. बरनीसाठी त्याच्या ओळखीची माणसं म्हणजेच दिल्ली होती. ती गेली तेव्हा त्याच्यापुरती दिल्ली संपली. त्याचं दुःख सच्चं होतं, त्याची मोजदाद अपुरी होती.

या गोष्टीचं महाराष्ट्राकडचं टोकही तितकंच शिकवणारं आहे. दिल्लीहून निघालेल्यांत दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य होते. बुरहानुद्दीन गरीब दौलताबादला आले, १३३७ मध्ये वारले आणि त्यांची कबर दौलताबादजवळ खुलदाबादला आहे. निजामुद्दीनांची वचनं टिपून ठेवणारे कवी अमीर हसन हेही खुलदाबादलाच विसावले. काही वर्षांतच सुलतानाने परतीची परवानगी दिली. कित्येक जण परतले, कित्येक राहिले. राहिलेल्यांच्या बोलीतून, मराठी, तेलुगू आणि कन्नडच्या शेजारात, दखनी घडली. आपलं ‘नको’ तिने ‘नक्को’ करून घेतलं ते कायमचं. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं आणि दख्खनचा इतिहास दिल्लीपासून सुटा झाला. हद्दपार झालेल्यांनी नवं जग उभं केलं, ही विज्ञानकथेची आवडती गोष्ट इथे अक्षरशः घडली आहे.

एक प्रश्न मात्र विज्ञानकथा सहसा विचारत नाही. देवगिरी तो विचारायला लावते. दौलताबाद होण्याआधी ती कोणाची तरी राजधानी होती. यादवांचं राज्य मोडून जेमतेम दहा वर्षं झाली होती. तिथे मराठी बोलणारी माणसं राहत होती, त्यांच्या अंगणात एक दिवस दिल्लीचे तंबू पडले. कथेतले नवे ग्रह बहुधा सोयीस्करपणे रिकामे असतात. यान उतरतं, झेंडा लागतो, पेरणी होते. आपण ज्या मातीत जन्मलो तिला आयत्या ‘नव्या ग्रहा’चा अनुभव दुसऱ्या बाजूने आहे. उतरणाऱ्यांच्या पायाखाली कोण होतं, हे मराठी वाचकाने विचारलंच पाहिजे.

हे दोन प्रश्न, मागे कोण राहिलं आणि पुढे आधीपासून कोण होतं, घेऊन आता विज्ञानकथेकडे जाऊ.

आसिमॉव्हची पहिली कादंबरी ‘पेबल इन द स्काय’ १९५० ची, हिरोशिमाला जेमतेम पाच वर्षं झाली होती तेव्हाची. विसाव्या शतकातला शिकागोचा एक निवृत्त शिंपी अपघाताने हजारो वर्षं पुढच्या काळात फेकला जातो. तेव्हा माणूस सगळ्या आकाशगंगेत पसरलेला आहे, आणि पृथ्वी हा किरणोत्साराने पोखरलेला, साम्राज्यातला सर्वांत तुच्छ मानला गेलेला ग्रह आहे. पण तो रिकामा नाही. दोन कोटी माणसं तिथे राहतात. जमीन एवढ्यांनाच पोसू शकते, म्हणून साठी उलटलेल्याला मरण पत्करावं लागतं असा तिथला कायदा आहे. बाहेरच्या ग्रहांवरचे सुशिक्षित लोक पृथ्वीवासीयांच्या जवळ जायला किळस करतात, आणि मानवजात याच ग्रहावर जन्मली असं सिद्ध करू पाहणारा पुरातत्त्वज्ञ हास्यास्पद ठरतो. आपण ज्यांच्यापासून आलो त्यांचीच शिसारी येणं हा सोडून जाण्याचा किती भयंकर परिणाम आहे, हे या कादंबरीने पंचाहत्तर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

छत्तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, ‘फाउंडेशन अँड अर्थ’ आली. तोवर या कल्पित विश्वात आणखी हजारो वर्षं लोटली आहेत. पृथ्वीचं नाव ग्रंथालयांतून पुसलं गेलं आहे, आणि नायक दंतकथांच्या आधारे ती शोधत हिंडतो. सापडते तेव्हा तिच्यावर जीव नावाला उरलेला नसतो. पहिल्या पुस्तकातली दोन कोटी माणसं आणि या पुस्तकातली शांतता यांच्यामध्ये जे घडलं ते वाचकाने नीट जोडून पाहावं. मूळ घर एका दिवसात मरत नाही. मागे राहिलेल्यांकडे पिढ्यान् पिढ्या पाठ फिरवली जाते, तेव्हा ते मरतं.

याच मालिकेतली ट्रॅन्टर ही साम्राज्याची राजधानी मला दिल्लीच्या अधिक जवळची वाटते. सगळा ग्रह धातूने मढवलेला, एकच अखंड शहर. साम्राज्य बुडतं, ट्रॅन्टर लुटलं जातं, आणि त्यानंतर तिथे उरलेली माणसं धातूचे पत्रे उचकटून विकतात, त्यातून बियाणं आणि गुरं आणतात, उघड्या झालेल्या मातीत शेती करतात. इतिहासकाराच्या लेखी राजधानी संपलेली असते. शेतकऱ्याच्या लेखी पुष्कळ शतकांनी जमिनीला ऊन लागलेलं असतं. तुघलकाबादचंही असंच झालं. घियासुद्दीन तुघलकाने १३२१ पासून काही वर्षांत उभा केलेला, साडेसहा किलोमीटर घेराचा तो प्रचंड किल्ला त्याच्या १३२५ मधल्या मृत्यूनंतर लवकरच सोडला गेला. निजामुद्दीनांच्या शापाची दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. इथे एकतर ओसाडी राहील नाहीतर गुज्जर राहतील, असा तो शाप म्हणे. शापाच्या दुसऱ्या भागाकडे मी वाचकांचं लक्ष वेधते. दरबाराला जी शिक्षा वाटली ती गुज्जरांसाठी गुरं राखण्याची जागा होती. तटाच्या आत गाव वसलं, वाढलं, आजही तुघलकाबाद हे गाव आहे. अलीकडे त्या हद्दीत मजूर कुटुंबांची वस्ती वाढत गेली होती. २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथली शेकडो घरं पाडली. स्मारक वाचवणं आवश्यकच आहे. पण ज्याला आपण सात शतकं ‘ओसाड’ म्हणत आलो तिथून माणसांना उठवावं लागलं, हेही लक्षात असू द्यावं.

क्रिस्टोफर नोलनच्या २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’मध्ये पिकं रोगाने जळत आहेत, धुळीची वादळं घरात शिरत आहेत. बाप अवकाशात जातो, हुशार मुलगी गणित सोडवते, आणि चित्रपट त्या दोघांचा होतो. थोरला मुलगा टॉम मात्र शेत सोडत नाही. त्याची बायको-मुलं धुळीने आजारी आहेत, तरी तो हटून बसतो. चित्रपट त्याला हेकट ठरवून पुढे जातो. मला वाटतं की त्या कथेतला खरा अवघड माणूस तोच आहे, आणि त्याची कथा अजून कोणी लिहायची आहे. ‘वॉल-ई’ (२००८) मध्ये माणसं सातशे वर्षांपूर्वी आलिशान यानातून निघून गेली आहेत आणि कचऱ्याचे चौकोनी ठोकळे रचत एक छोटं यंत्र एकटं काम करत राहिलं आहे. तिथे मागे राहिलेला माणूस नाही, म्हणून माणसाचं काम यंत्राकडे आलं; पण चित्रपटाचं सगळं प्रेम त्या मागे राहिलेल्या कामकऱ्यावर आहे, आणि म्हणूनच तो या प्रकारातल्या उत्तम कलाकृतींपैकी एक आहे.

कल्पनेला शास्त्राची कसोटी लावू. पृथ्वी खरोखर रिकामी करता येईल का? आज जगात आठशे कोटींहून अधिक माणसं आहेत. रोज एक लाख माणसं यानांत बसवली, तरी आजचे आठशे कोटी हलवायला ८०,००० दिवस, म्हणजे सुमारे २१९ वर्षं लागतील. त्यातही जगाची लोकसंख्या सध्या दिवसाला दीड लाखाहून अधिकाने वाढते आहे; म्हणजे रोज लाख माणसं पाठवूनही पृथ्वीवरची गर्दी वाढतच राहील. जायचं तरी कुठे? मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आणि सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर; व्हॉयेजर-१ यानाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर, तिथवर जायला पाऊण लाख वर्षं लागतील. आपण पृथ्वीची कितीही नासाडी केली तरी तिचा सर्वांत वाईट कोपरा मंगळाच्या सर्वांत चांगल्या जागेपेक्षा राहायला सोपा असेल. सूर्य तापत जाऊन समुद्र आटायला अजून सुमारे एक अब्ज वर्षं आहेत. म्हणजे नजीकच्या भविष्याबद्दलची पृथ्वी सोडण्याची प्रत्येक कथा, लेखकाने कबूल करो वा न करो, काही थोड्यांच्या जाण्याची आणि बहुसंख्यांच्या मागे राहण्याची कथा आहे.

हे समजायला आज दिल्लीकराला कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. दिवाळीच्या आसपास हवा बिघडायला लागते. निर्देशांक चारशेच्या पुढे गेला की ‘गंभीर’ म्हणायचं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो ४९० च्याही वर गेला होता. ज्यांना जमतं ते त्या दिवसांत डोंगरांकडे किंवा गोव्याकडे जातात. जे राहतात त्यांच्यातल्या काहींच्या खोलीत हवा गाळणारं यंत्र असतं. रात्रपाळीचा पहारेकरी, रिक्षावाला, घरोघरी पार्सल पोहोचवणारा मुलगा यांच्यासाठी जी हवा आहे तीच आहे. एकाच शहरात एकाच वेळी काही माणसं यानात बसलेली आहेत आणि काही ग्रहावर राहिलेली आहेत.

पूर्व दिल्लीत गाझीपूरची कचराभूमी आहे. १९८४ मध्ये सुरू झालेली, २००२ मध्येच भरलेली, आणि तरीही पुढे वाढत गेलेली. २०१९ पर्यंत ढिगाऱ्याची उंची ६५ मीटरच्या घरात गेली. कुतुबमिनार ७३ मीटरचा. १ सप्टेंबर २०१७ ला ढिगाऱ्याचा कडा कोसळून दोघांचा जीव गेला. ‘वॉल-ई’तल्या कचऱ्याच्या मनोऱ्यांचं कौतुक करणाऱ्याने हा डोंगर पाहावा, आणि त्यावर चढून प्लास्टिक, लोखंड, काच वेगळं करणारी माणसं पाहावीत. शहराचा जो भाग आपण मनाने कधीच सोडून दिला आहे, तो ही माणसं हाताने सांभाळतात.

आणि मार्च २०२० मध्ये आपण शहर रिकामं होतानाही पाहिलं. टाळेबंदी लागल्यावर तीनच दिवसांनी, २८ मार्चला, आनंद विहारच्या बसस्थानकावर हजारो मजूर गावी जायला जमले. हजारो जण पायीच निघाले होते. या खेपेला उमराव घरात राहिले आणि शहर बांधणारे निघून गेले. तुघलकाच्या स्थलांतराची ही उलटी बाजू. तेव्हा निळं आकाश आणि स्वच्छ यमुना यांची छायाचित्रं सगळीकडे फिरली. माणूस गेला की निसर्ग सावरतो असा निष्कर्ष निघाला. विज्ञानकथेलाही हा निष्कर्ष प्रिय आहे.

तो किती अपुरा आहे हे दिल्लीच्या दक्षिण टोकाला कळतं. भाटी खाणींतून अनेक वर्षं ‘बदरपूर’, म्हणजे बांधकामाची लाल रेती, उपसली गेली. नव्या दिल्लीचा गिलावा तिथल्या खड्ड्यांतून आला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खाणकाम थांबलं आणि तो भाग असोला भाटी अभयारण्यात गेला. नुसतं सोडून दिल्याने तिथे जंगल आलं नाही. विलायती कीकराने, म्हणजे वेड्या बाभळीने, बरीच जागा बळकावली होती. २००० नंतर प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकडीने वर्षानुवर्षं झाडं लावली, पाणी अडवलं. आज तिथे बिबटे फिरतात. आणि ज्या ओड समाजाने त्या खाणी खणल्या, ज्यांच्यातले पुष्कळ जण फाळणीत आधीचं घर हरवून आले होते, त्यांचं काम खाणींबरोबर गेलं आणि डोक्यावर विस्थापनाची टांगती तलवार राहिली. जमीन सावरते ती कष्टांनी. त्या सावरण्यातही कोणाला तरी किंमत मोजावी लागते, हे कथाकाराने लपवू नये.

मराठी विज्ञानकथेने या विषयाला आपल्या पद्धतीने हात घातला आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, तेव्हापासून या प्रवाहाला जोर आला. त्यांच्या ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतं, हिमयुग दारात येतं, पण शास्त्रज्ञ यान गाठत नाही, वातावरणावर इलाज करून पृथ्वी वाचवायला झटतो. ही निवड मला महत्त्वाची वाटते. ज्यांच्याकडे दुसरा ग्रह विकत घ्यायची ऐपत नाही अशा समाजाच्या लेखकाने केलेली ती निवड आहे, आणि वर मांडलेल्या आकड्यांकडे पाहता शास्त्रीयदृष्ट्या अधिक शहाणीही. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत मराठे पानिपत जिंकतात आणि जग वेगळ्या वाटेने जातं. पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतं. १४ जानेवारी १७६१ नंतर आपण पुण्याला परतलेल्यांचा आणि रणात पडलेल्यांचा इतिहास लिहिला. सैन्याबरोबर गेलेली बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे यांच्यातले जे तिथेच राहिले त्यांचा लिहिला नाही. हरियाणातल्या रोड समाजातली अनेक घरं आज आपलं मूळ त्या मराठ्यांत सांगतात. हा दावा इतिहासकारांमध्ये वादाचा आहे. पण मागे राहिलेल्यांच्या नावाने कोणीतरी दोनशे साठ वर्षांनी हाक देतं आहे, या गोष्टीला विज्ञानकथेच्या लेखकाने तरी ओ द्यावी.

महाराष्ट्रातही सोडलेल्या घरांची वाण नाही. कोयनेच्या शिवसागराखाली गेलेली गावं आहेत, उजनीचं पाणी उतरलं की दिसणारं पळसदेवचं देऊळ आहे, कोकणात गणपतीपुरती उघडणारी घरं आहेत. त्या घरांची कुलपं, तुळस आणि उंबरा शेजारची कोणीतरी काकू सांभाळत असते. मुंबईकराच्या गावाकडच्या आठवणीत ती काकू क्वचितच असते. दूर ग्रहावरून पृथ्वीसाठी झुरणाऱ्या नायकांच्या कथा मराठीत जरूर लिहिल्या जाव्यात. त्यांच्याबरोबर काकूचीही लिहिली जावी.

वाचकाला माझी विनंती आहे. उजाड पृथ्वीची कोणतीही कथा हातात घ्याल तेव्हा तिला काही प्रश्न विचारा. यानात जागा कोणाला मिळाली आणि ती कोणी ठरवली? पृथ्वी रिकामी आहे हे कोणी सांगितलं, आणि त्याने ते कुठल्या उंचीवरून पाहिलं? शेवटचं यान गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोणी भरलं? नव्या ग्रहावर आधीपासून कोण होतं? ज्या कथेपाशी उत्तरं असतील ती पुन्हा पुन्हा वाचा. ज्या कथेला हे प्रश्न सुचलेलेच नाहीत तिचं कौतुक जपून करा, मग तिची यानं कितीही देखणी असोत.

आणि हेच प्रश्न कथेबाहेरही न्या. पृथ्वीला पर्याय शोधायला हवा असं कोणी आत्मविश्वासाने सांगू लागलं, तर त्याला विचारा की हा पर्याय किती जणांसाठी आहे आणि बाकीच्यांच्या हवेचं, पाण्याचं, जमिनीचं काय करायचं ठरलं आहे. आपण, आपली मुलं आणि त्यांची मुलं त्या बाकीच्यांतच असणार आहोत. नारायणा आणि सरबनच्या व्यापाऱ्यांना राजधानी कुठे चालली आहे हे माहीत असणारच. तरी त्यांनी तेव्हाच विहिरी बांधायला घेतल्या. विज्ञानकथेने आपल्याला दूरचे तारे दाखवावेत, ते तिचं कामच आहे. पण मानवजातीचं भविष्य कोणाच्या हातात आहे असं विचाराल, तर माझं उत्तर स्पष्ट आहे : जे इथे राहणार आहेत आणि इथलं पाणी, इथली माती राखणार आहेत, त्यांच्या.